न्यूरोसायकॉलॉजी : आधी रुग्ण, मग प्रबंध

मानसशास्त्रात बी. ए. करणाऱ्या आणि मेंदूविषयी कुतूहल असलेल्या विद्यार्थ्यापुढे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक प्रश्न येतो : न्यूरोसायकॉलॉजीत संशोधन करायचं की रुग्ण पाहायचे? करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तिकांत या दोन वाटा वेगवेगळ्या रंगवलेल्या असतात. एकीकडे एम. आर. आय. यंत्र, पीएच. डी. आणि शोधनिबंध, दुसरीकडे रुग्णालयातली ओ. पी. डी. आणि बाहेर ताटकळलेले नातेवाईक. माझ्या मते भारतात, आणि त्यातही भारतीय भाषांत काम करू पाहणाऱ्यासाठी, ही वाटणीच चुकीची आहे. इथे रुग्ण नीट तपासायचा तर संशोधनाला हात घालावाच लागतो, कारण तपासायची साधनंच अपुरी आहेत. आणि संशोधनात दम यायचा तर आधी काही वर्षं रुग्णासमोर बसून काढावी लागतात. शिक्षणाचा क्रमही यावरूनच ठरवावा : आधी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी, मग पीएच. डी. आणि दोन्हींच्या आड येणार नाही अशी नोकरी.

काम काय असतं ते थोडक्यात. पक्षाघात, अपघातात डोक्याला बसलेला मार, अपस्मार, मेंदूतली गाठ, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश अशा आजारांत माणसाचं लक्ष, स्मरण, भाषा, आकलन, नियोजन यांचं काय झालं ते चाचण्यांनी मोजायचं. त्याचं वय आणि शिक्षण असलेल्या निरोगी माणसांच्या गुणांशी ते ताडून पाहायचं. न्यूरोसर्जन, न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ यांना उपयोगी पडेल असा अहवाल द्यायचा. आणि गेलेलं जेवढं परत येईल तेवढं आणण्यासाठी रुग्णाचा सराव घ्यायचा, घरच्यांना समजावायचं. पूर्ण तपासणीला काही तास लागतात, थकलेल्या रुग्णाला दोन-तीन बैठका लागतात. ज्याला हे सावकाश काम कंटाळवाणं वाटतं, त्याने इकडे येऊ नये. मेंदूविषयीची पुस्तकं आवडणं वेगळं आणि विसरभोळ्या आजोबांना पंधरा शब्दांची तीच यादी न वैतागता पाचव्यांदा वाचून दाखवणं वेगळं.

या शास्त्राचा इतिहासही माझ्याच बाजूने साक्ष देतो. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोकाने डाव्या मेंदूचा पुढचा भाग आणि बोलणं यांचं नातं दाखवलं, ते एकच अक्षर उच्चारू शकणाऱ्या एका रुग्णामुळे. ब्रेंडा मिल्नर माँट्रियलमध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या चाचण्या घेत होत्या; म्हणूनच १९५३ साली मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढलेल्या ‘एच. एम.’ या रुग्णाला तपासायला त्यांना बोलावणं आलं. विल्यम स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा १९५७ चा निबंध स्मृतीच्या अभ्यासाचा पाया ठरला. पुढे मिल्नर यांनी याच रुग्णाला आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली. आदल्या दिवशी आपण हे केलं होतं, याची त्याला आठवण नसे; हात मात्र दिवसागणिक सुधारत गेला. स्मृती एक नसून अनेक प्रकारची असते, हा निष्कर्ष रुग्णासमोर ठेवलेल्या कागद-पेन्सिलीतून निघाला. सोव्हिएत रशियात अलेक्झांडर लुरिया यांनी दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाचं काम केलं, आणि त्यांचा सिद्धांतही तिथेच घडला.

आता इथल्या परिस्थितीकडे या, कारण खरा मुद्दा इथेच आहे. जगभर वापरली जाणारी एम. एम. एस. ई. ही छोटी चाचणी १९७५ सालची. तीत रुग्णाला एका इंग्रजी शब्दाची अक्षरं उलट्या क्रमाने सांगायला लावतात, एक वाक्य लिहायला सांगतात, कागदावर लिहिलेली सूचना वाचून तसं करायला सांगतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकरी बाईला हे विचारलं तर आजार मोजला जाईल की निरक्षरता? हरियाणातल्या बल्लभगढ भागात काम करणाऱ्या भारत-अमेरिका संशोधक गटाने हाच पेच सोडवण्यासाठी १९९५ साली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन प्रसिद्ध केली. वाक्य लिहिण्याऐवजी घराविषयी काहीतरी सांगायचं, लेखी सूचनेऐवजी तपासणारा करील तसं करायचं, असे बदल तीत आहेत. दिसायला किरकोळ असलेल्या या बदलांमागे खेड्यात बसून केलेली वर्षानुवर्षांची मेहनत आहे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये शोभिनी राव, डी. के. सुब्बकृष्ण आणि के. गोपुकुमार यांनी २००४ साली चाचण्यांचा मोठा संच आणला. त्यात वय, लिंग आणि शिक्षण यांनुसार प्रमाणकं, म्हणजे तुलनेसाठी निरोगी माणसांचे गुण, वेगळी दिली, म्हणजे निरक्षर माणसाची तुलना पदवीधराशी होण्याचं संकट टळलं. चंदीगडच्या पी. जी. आय. चा संच त्याच्याही आधीचा, द्वारका पर्शाद आणि एस. के. वर्मा यांचा. ही सगळी साधनं रुग्ण पाहणाऱ्या मंडळींनी बनवलेली आहेत, कारण त्रुटी रोज त्यांनाच खटकत होत्या.

मराठीत या कामाची सुरुवात फार लवकर झाली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर करून १९३४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. ‘बिने-कामत’ या नावाने ती चाचणी आजही मुलांच्या मूल्यमापनात आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांसाठी वापरात आहे. एवढा जुना वारसा असूनही मेंदूविकाराच्या चाचण्यांत मराठी मागे पडली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी चाचण्यांचा जो संच तयार केला, त्यात पहिल्यांदा पाच भाषा घेतल्या : हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली मराठी त्या पाचांत नव्हती. दोष कुणाला देत बसण्यात अर्थ नाही. अशा प्रकल्पात एखादी भाषा यायची तर ती बोलणारे, चाचण्या घेता येणारे आणि आकडेवारी कळणारे लोक आधी तयार असावे लागतात. या लेखाचा वाचक नेमका तोच आहे.

काम किती बाकी आहे, ते दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. एका मिनिटात ‘क’पासून सुरू होणारे शब्द सांगा, ही चाचणी मेंदूच्या पुढच्या भागाचं काम पाहायला सोयीची आहे. इंग्रजीत अक्षर म्हणजे अक्षर. मराठीत ‘किल्ला’, ‘कोंबडी’, ‘क्रम’ हे शब्द ‘क’चे धरायचे की नाहीत? प्रमाणकं गोळा करताना एक नियम लावला आणि रुग्णालयात दुसरा, तर धडधाकट माणूस आजारी ठरेल आणि आजारी माणूस सुटून जाईल. दुसरं उदाहरण वाचाघाताचं. ‘मुलगा कैरी खातो’ यात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, ‘मुलाने कैरी खाल्ली’ यात कर्माप्रमाणे. पक्षाघातानंतर व्याकरण ढासळलेल्या रुग्णाची चूक यांपैकी कुठे होते, त्यावरून भाषेच्या मेंदूतल्या रचनेविषयी इंग्रजी रुग्णाकडून कधीच मिळणार नाही अशी माहिती मिळू शकते. शिवाय नंदुरबारची अहिराणी, सिंधुदुर्गाची मालवणी, अमरावतीची वऱ्हाडी बोलणाऱ्याला पुस्तकी मराठीतल्या चाचणीत किती फटका बसतो, हा एका प्रबंधाचा तयार विषय आहे. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली दाखवलं की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा होते, आणि हा फरक निरक्षरांतही आढळतो. परदेशातल्या अभ्यासांत बहुभाषक म्हणजे बहुधा स्थलांतरित, त्यामुळे भाषेचा परिणाम वेगळा काढता येत नसे. इथे तो काढता आला. जगाने दखल घेतलेलं हे काम महागडं यंत्र नव्हे, तर नीट ठेवलेली रुग्णनोंद हाताशी होती म्हणून झालं.

साधन पुढे धावलं आणि पुरावा मागे राहिला तर काय होतं, याचा धडाही महाराष्ट्रातच मिळाला आहे. मेंदूच्या विद्युत्‌लहरींवरून गुन्ह्याची ‘अनुभवजन्य’ आठवण ओळखता येते, असा दावा करणारं एक तंत्र भारतात निघालं, आणि २००८ साली पुण्यातल्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा देताना त्याच्या निष्कर्षाचा आधार घेतला. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ते तंत्र शास्त्रीय कसोटीवर टिकत नसल्याचं मत दिलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या व्यक्तीच्या संमतीविना करण्याला मनाई केली. मेंदूचं रंगीत चित्र किंवा लहरींचा आलेख पाहिला की लोकांचा विश्वास चटकन बसतो. त्या विश्वासाला पात्र राहायचं तर चाचणीची विश्वसनीयता, वैधता आणि चुकीच्या निदानाचं प्रमाण हे शब्द पदवीच्या परीक्षेनंतर विसरून चालत नाही. संख्याशास्त्र हा या क्षेत्रातला गळ्यात पडलेला विषय नाही, तोच कणा आहे.

आता वाट. बारावीला कोणतीही शाखा चालते; कला शाखेतल्यांनी मात्र मेंदूची रचना आणि शरीरक्रियाशास्त्र स्वतःहून शिकून घ्यावं. मग मानसशास्त्रात पदवी, दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, आणि त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं, रुग्णालयाशी जोडलेलं पूर्णवेळ क्लिनिकल प्रशिक्षण. हे प्रशिक्षण अनेक दशकं दोन वर्षांच्या एम. फिल. च्या रूपात होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम. फिल. बंद केली, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुभा दिली. म्हणजे अभ्यासक्रमाचं नाव आणि रचना बदलण्याचा हा काळ आहे, आणि अशा काळात जाहिराती फार होतात. प्रवेश घेण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावरची त्या वर्षाची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः उघडून पाहा; संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था, तेजपूरची लोकप्रिय गोपीनाथ बरदलै संस्था, दिल्लीची इहबास या जुन्या सरकारी संस्था आहेत. जागा मोजक्या आणि प्रवेशपरीक्षा कठीण असते, म्हणून एम. ए. च्या पहिल्या वर्षापासूनच तयारीला लागावं.

इथे एक सावधगिरी. ‘न्यूरोसायकॉलॉजी’ असं नाव असलेली एम. एस्सी. किंवा आठवड्याच्या शेवटी चालणारं प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे रुग्णाचं निदान करण्याचा अधिकार मिळाला असं होत नाही. न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणून वेगळा परवाना भारतात नाही; अधिकार येतो तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून झालेल्या नोंदणीतून. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण याची व्याख्याच दिली आहे, आणि पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यात नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. त्या एम. एस्सी. ने ज्ञान मिळणार नाही असं मी म्हणत नाही. ती करून वर क्लिनिकल प्रशिक्षण घेता येत असेल तर उत्तमच. पण पाच वर्षं घालवून शेवटी अहवालावर सही दुसऱ्याची, ही अवस्था कुणावर येऊ नये.

मग कुणी विचारील, मला रुग्ण तपासायचेच नाहीत, मला मेंदूचा अभ्यास करायचा आहे, तर ही नोंदणी, हा परवाना कशाला? हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन व आकलनशास्त्र केंद्र, हैदराबाद विद्यापीठाचं केंद्र, आय. आय. टी. कानपूर आणि गांधीनगर, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळूरला आय. आय. एस्सी. च्या आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च, ही सगळी परवान्याशिवाय संशोधन करण्याची चांगली ठिकाणं आहेत. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. निरोगी माणसाचं लक्ष, निर्णय, भाषा यांवर काम करायचं असेल तर खुशाल तिकडे जा. पण ज्या क्षणी तुमच्या प्रश्नात आजार येतो, त्या क्षणी रुग्णालयाचं दार गाठावं लागतं, आणि तिथे परवाना असलेला संशोधक स्वतः रुग्ण निवडू शकतो, संशय आला तर थांबू शकतो, रुग्ण का चुकला ते पाहू शकतो. परवाना नसलेला दुसऱ्याने भरलेला तक्ता वाचतो. गुण तेवढेच असले तरी एक रुग्ण सूचना न कळल्याने चुकलेला असतो आणि दुसरा कळूनही स्वतःला आवरता न आल्याने. तक्त्यात हा फरक दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो : स्कॅन इतके बारीक झाले, कृत्रिम बुद्धिमत्ता आली, मग तासन्‌तास चाचण्या घेणारा माणूस कशाला हवा? अमेरिकेत १९८६ साली सुरू झालेल्या ‘नन स्टडी’त ६७८ ख्रिस्ती जोगिणींची दरवर्षी तपासणी झाली आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूचं परीक्षण झालं. काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा ठासून भरलेल्या होत्या, तरी जिवंतपणी त्यांचे गुण शाबूत होते. मेंदूत काय दिसतं आणि माणसाला काय जमतं, यांत अंतर राहतं, आणि मोजायचं असतं ते हेच अंतर. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर लोक मेले आणि ४ लाख ४३ हजारांवर जखमी झाले. त्यांतल्या डोक्याला मार लागलेल्या कित्येक तरुणांचा स्कॅन काही महिन्यांनी ‘ठीक’ येतो, आणि घरचे सांगतात की माणूस पूर्वीचा राहिला नाही : पैसे उधळतो, कामावर टिकत नाही, चटकन अंगावर येतो. नोकरी, नुकसानभरपाई, गाडी चालवण्याची मुभा यांचा निर्णय चित्रावर होत नाही. संगणकावरच्या चाचण्या येतील, त्या याव्यातही. पण यंत्राने दिलेले गुण कशाशी ताडायचे हा प्रश्न उरतोच. जालन्यातल्या चौथी शिकलेल्या साठीच्या माणसांची प्रमाणकं नसतील तर यंत्र अमेरिकेतल्या माणसाशीच तुलना करील, फक्त जास्त वेगाने.

पैसा आणि वर्षं, हा तिसरा आणि सर्वांत खरा आक्षेप. बारावीनंतर नोंदणीपर्यंत सात-आठ वर्षं, पीएच. डी. धरली तर बारा. सरकारी संस्थांत प्रशिक्षणकाळात विद्यावेतन मिळू शकतं, खासगी विद्यापीठांत उलट लाखांनी शुल्क भरावं लागतं. सुरुवातीचा पगार त्याच वयाच्या अभियंत्याच्या जवळही जात नाही. हे लपवण्यात अर्थ नाही, आणि घरी पैशाची तातडीची गरज असेल तर एम. ए. नंतर दोन वर्षं नोकरी करून मग प्रशिक्षणाकडे वळणं शहाणपणाचं. मात्र नोंदणी झाल्यावर काम मिळत नाही अशी स्थिती नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने मान्य अपंगत्वांची संख्या २१ केली. बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता यांच्या प्रमाणपत्रांसाठी चाचण्या लागतात. अपस्माराच्या शस्त्रक्रिया करणारी केंद्रं चाचण्यांशिवाय रुग्णाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेत नाहीत. ६० वर्षांवरच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने दिला. परवाना आधी घ्या असं म्हणण्यामागे हेही कारण आहे : पीएच. डी. लांबली, अनुदान आटलं, मार्गदर्शकाशी जमलं नाही, तरी पोटाचा प्रश्न सुटलेला असतो.

परदेशी जायचं असणाऱ्यांनी हिशेब आधीच करावा. अमेरिकेत १९९७ च्या ह्यूस्टन परिषदेपासून डॉक्टरेट, इंटर्नशिप आणि वर दोन वर्षांचं निवासी प्रशिक्षण हा क्रम मानला जातो. ब्रिटनमध्येही क्लिनिकल डॉक्टरेटनंतर न्यूरोसायकॉलॉजीची वेगळी पात्रता मिळवावी लागते. भारतीय प्रशिक्षण तिथे जसंच्या तसं चालत नाही. रुग्ण पाहायला जायचं असेल तर लवकर जावं. संशोधनासाठी जायचं असेल तर इथला रुग्णानुभव गाठीला बांधून पीएच. डी. किंवा पोस्ट-डॉक्टरेटला जाणं फायद्याचं. तिथल्या प्रयोगशाळांत आकडेमोड करणारे पुष्कळ असतात. बहुभाषक, निरक्षर, वृद्ध रुग्ण पाहिलेले फार थोडे.

राहिली रुग्णसेवा, जी अहवालावर सही करून संपत नाही. गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या कुटुंबांवर केलेला नियंत्रित प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघर पाठवलं, आणि रुग्णाची देखभाल करणाऱ्या नातेवाइकांचं मानसिक आरोग्य सुधारल्याचं मोजून दाखवलं. सेवा आणि संशोधन एकाच कामात कशी बसतात, याचा याहून चांगला नमुना शोधायला दूर जायला नको. एम. ए. च्या लघुप्रबंधासाठी विषय शोधत असाल तर महाविद्यालयीन मुलांकडून चिंतेची प्रश्नावली भरून घेण्याचा मोह टाळा. जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मेंदूविकार विभागाची परवानगी आणि नीतिसमितीची मान्यता घ्या, एकच चाचणी निवडा, आणि आपल्या तालुक्यातल्या पन्नास निरोगी, कमी शिकलेल्या वृद्धांवर ती मराठीत नीट घेऊन पाहा. तेवढ्याने प्रमाणकं होत नाहीत, पण पुढच्या मुलाखतीत तुमच्याशी बोलण्यासारखं काहीतरी परीक्षकांपाशी असेल, आणि हे काम तुम्हाला जन्मभर करायचं आहे की नाही, ते तुम्हालाही कळलेलं असेल.